तुळईवरचा पसरलेला भार : वेरूळ, पाणचक्की आणि माळवद

वेरूळच्या डोंगरांत दहाव्या क्रमांकाचें जें बौद्ध लेणें आहे, त्याला परिसरांतील लोक पिढ्यान् पिढ्या ‘सुताराची झोपडी’ म्हणत आले आहेत. लेणें दगडाचें आणि तें खोदणारे हात पाथरवटांचे. मग त्याचें नांव सुताराशीं कां जोडलें जावें? आंत शिरून मान वर केली म्हणजे या प्रश्नाचें उत्तर मिळतें. चैत्यगृहाचें छत कमानीसारखें गोल असून त्यावर एकीशेजारीं एक अशा दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. लांकडी घराच्या आढ्याखालीं वांकविलेले वासे जसे दिसावेत, तशाच त्या दिसतात. स्तूपापुढें बसलेल्या बुद्धाच्या सुमारें पंधरा फूट उंचीच्या मूर्तीला विश्वकर्मा समजून सुतारलोक तेथें दर्शनाला येत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकांतील संशोधकांनीं केली आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकांतील या फासळ्यांविषयीं एक गोष्ट मात्र प्रथमदर्शनीं लक्षांत येत नाहीं. त्या कांहींच पेलीत नाहींत. छत त्यांच्यावर टेकलेलें नसून त्याच छताला चिकटून आहेत.

ही नक्कल कशाची, हें पाहावयाचें तर लोणावळ्यानजीकच्या भाजें व कार्लें येथील लेण्यांकडे वळावें लागतें. तीं वेरूळच्या या लेण्याहून कित्येक शतकें जुनीं आहेत, आणि त्यांच्या गोल छताला खरोखरीच्या लांकडी फासळ्या बसविलेल्या अद्यापि दिसतात. त्या काळचीं मोठीं सभागृहें लांकडाचीं असत. डोंगरांत घर कोरतांना कारागिरांनीं तें ओळखीचें रूप सोडलें नाहीं. प्रथम दगडाला लांकूड जोडलें, पुढें लांकडाची आकृति दगडांतच कोरली. सुताराची विद्या पाथरवटाच्या छिणींतून उतरली ती अशी. पण आकृति उतरली म्हणून गुण उतरत नाहीं. लांकडाची तुळई आणि दगडाची तुळई यांची भार सोसण्याची रीति अगदीं वेगळी आहे, आणि मराठवाड्यांतील बांधकामाचा सारा इतिहास या वेगळेपणाभोंवतीं फिरतो.

तुळई म्हणजे दोन टेकूंवर आडवा ठेवलेला लांकडाचा किंवा दगडाचा लांब तुकडा. तिच्यावर भार आला कीं ती किंचित् खालीं वांकते. वांकतांना तिचा वरचा थर आंखडतो आणि खालचा थर ताणला जातो. मध्यें एक थर असा राहतो कीं, जो आंखडतही नाहीं व ताणलाही जात नाहीं. झाडाची फांदी दोन्ही हातांनीं वांकविली, तर बाहेरच्या अंगाचे तंतू आधीं तुटतात, हें प्रत्येकाच्या अनुभवाचें आहे. लांकडाचे तंतू लांबीच्या दिशेनें धांवत असल्यामुळें तें ताण चांगला सोसतें. दगड दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र फारच थोडा. म्हणून दगडी तुळई भंगते ती खालच्या अंगानें, बहुधा मधोमध, आणि लांकडाप्रमाणें करकरून ती आधीं सूचनाही देत नाहीं.

आतां भाराचे प्रकार पाहावेत. बारा फूट गाळ्याच्या तुळईच्या मधोमध बाराशें रत्तलांचें एकच ओझें टांगलें, तर मध्यभागीं तिला वांकविणारा जोर ३६०० फूट-रत्तल भरतो. तेंच ओझें वाळवण पसरावें तसें टोकापासून टोकापर्यंत सारखें पसरलें, तर तो जोर १८०० फूट-रत्तल, म्हणजे नेमका निम्मा होतो. याचें कारण सोपें आहे. टेकूजवळचा भार बहुतांशीं त्या टेकूकडेच जातो. तुळईच्या मध्यावर त्याचा परिणाम थोडा. एवढें ऐकून पसरलेला भार निरुपद्रवी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचा एक स्वभाव ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. गाळा दुप्पट केला कीं असा भारही दुप्पट होतो आणि तो ज्या अंतरावरून जोर करतो तें अंतरही दुप्पट होतें. म्हणून वांकविणारा जोर चौपट होतो. तुळईची जाडी तीच ठेवली, तर तिचा झोळ सोळा पट वाढतो. शिवाय तुळईचें स्वतःचें वजन हाही पसरलेलाच भार होय. घरांत कोणी राहो अथवा न राहो, तो रात्रंदिवस तिच्यावर असतोच.

या अडचणीवर जुन्या कारागिरांनीं हातानें शोधलेला उपाय म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा हस्त. जुन्या वाड्यांतून खांब आणि तुळई यांच्यामध्यें दोन्ही बाजूंना पुढें आलेलें कोरीव लांकूड असतें. तें शोभेचें वाटतें, पण त्याचें काम मोठें आहे. बारा फुटांच्या गाळ्यांत दोन्हीकडून दीड-दीड फूट हस्त पुढें आले, तर उघडी लांबी नऊ फूट उरते. बाराचा वर्ग १४४, नवाचा ८१. म्हणजे वांकविणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि त्यासाठीं लांकूड लागतें तें किती थोडें! अजिंठ्याचें सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें पांचव्या शतकांत दान दिलें. त्याच्या पडवीच्या छतालाही तुळया व वासे कोरलेले असून त्यांच्या टोकांखालीं बुटक्या गणांच्या आकृति भार पेलीत बसलेल्या दाखविल्या आहेत. तुळईला आधार कोठें हवा, हें कोरणाऱ्यांना पक्कें ठाऊक होतें.

डोंगर सोडून मोकळ्या जागेवर दगडाचीं देवळें रचण्याची वेळ आली, तेव्हां दगडी तुळईचा दुबळेपणा झांकून चालण्यासारखा नव्हता. यादवांच्या काळाशीं व हेमाद्रीच्या नांवाशीं जोडलीं जाणारीं मराठवाड्यांतील देवळें, उदाहरणार्थ अन्वा किंवा औंढा नागनाथ येथील, पाहिलीं म्हणजे मंडपांत खांबांची दाटी दिसते. ही दाटी हौसेपेक्षां गरजेची आहे. गाळा आंखूड ठेवला, तरच दगडी तुळई छताचा भार सोसणार. छतावरही युक्ति केलेली असते. चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून लहान चौकोन करावयाचा, त्यावर पुन्हां तसाच आणखी लहान चौकोन, आणि शेवटीं उरलेलें भोंक एका कमलाकृति शिळेनें बुजवावयाचें. अशा रचनेंत कोणतीच शिळा फार लांब होत नाहीं, आणि वरचा भार टप्प्याटप्प्यानें कोपऱ्यांकडे उतरतो.

मग वेरूळच्या कैलास लेण्यांत, जें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळांत वरून खालीं कोरीत आणलें गेलें, तेथें काय घडतें? सभामंडपांत चार-चारांच्या चार गटांनीं सोळा भक्कम खांब ठेवलेले आहेत आणि त्यांच्यावर तुळयाही कोरल्या आहेत. परंतु तेथें भार कोणी वर चढविलाच नाहीं. तो डोंगराचा होता. कारागिरांनीं खालचा दगड काढून घेतला आणि उरलेल्या दगडाला आपलें वजन नव्या वाटेनें खालीं पोंचवावें लागलें. डोंगराच्या पोटांत खोल खोदलेल्या लेण्यांत, वरचा खडक जाड आणि एकसंध असेल, तर हें वजन आपोआप कमानीसारखें बाजूंच्या भिंतींकडे वळतें. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या शतकांतील वर्णनांत आणि छायाचित्रांत कित्येक खांब तुटलेले आढळतात, पण त्यांवरचें छत जागच्या जागीं राहिलेलें आहे. पुढें त्यांतील बरेच खांब पुन्हां उभारण्यांत आले.

डोंगर मात्र सर्वत्र एकसंध नसतो. दख्खनचा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर सांचून झालेला आहे, आणि दोन थरांमधील सांधा कच्चा असतो. असा सांधा छताच्या थोडा वर आला, तर त्याखालचा थर वरच्या खडकापासून सुटतो आणि दोन भिंतींवर टेकलेल्या एका प्रचंड दगडी तुळईसारखा वागूं लागतो. त्याचें स्वतःचें वजन हाच त्याच्यावरचा पसरलेला भार. अजिंठ्याचें चौथें लेणें मोठ्या इच्छेनें आरंभलें गेलें. अठ्ठावीस खांबांचें तें दालन तेथील सर्वांत मोठ्या विहारांपैकीं एक आहे. त्याच्या छताचा खडक सदोष निघाला व मोठा भाग कोसळला. कारागिरांनीं छत अधिक उंच कोरून काम पुढें नेलें, तरी लेणें पुरें झालें नाहीं. त्याच्या छतावर लाव्हाच्या ओघाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. ज्या ज्ञानानें शेजारचीं लेणीं उभीं राहिलीं, त्याच ज्ञानाला येथें डोंगरानें मर्यादा दाखविली.

दगडाच्या या दोषावरचा खरा तोडगा म्हणजे कमान. चौदाव्या शतकापासून सुलतानी राजवटींबरोबर दख्खनांत ती सर्रास बांधली जाऊं लागली. आज छत्रपती संभाजीनगर या नांवानें ओळखलें जाणारें शहर मलिक अंबर यानें १६१० मध्यें खडकी या नांवानें वसविलें, आणि १६१२ मध्यें त्यानें बांधलेला भडकल दरवाजा तेथें अद्यापि उभा आहे. कमानींत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबला जातो. ताण सोसण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाहीं. लोंबत्या सांखळींत केवळ ताण असतो, आणि तिचाच आकार उलटा केला कीं केवळ दाब असलेली कमान मिळते, ही गोष्ट इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सांगितली. आडव्या अंतरावर सारखा पसरलेला भार असेल, तर हा आकार गणितांतील परवलय होतो. कमानीची किंमत मात्र द्यावी लागते. ती दोन्ही बाजूंना रेटा देते, आणि तो रेटा अडविण्याजोगी भरभक्कम भिंत किंवा शेजारची दुसरी कमान असावी लागते.

या विद्येचा शहरांतील अत्यंत बोलका नमुना खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. पाणचक्की पाहण्यास येणारे लोक चक्की पाहतात, कारंजीं पाहतात आणि परततात. ज्या हौदाच्या कांठीं ते उभे राहतात, त्याचा तळ हेंच खालच्या एका विस्तीर्ण दालनाचें छत आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हा हौद सुमारें १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद आहे. त्याला तळ दोन आहेत. खालचा तळ भरीव खांबांच्या दोन ओळींवर व त्यांवरील कमानींवर टेकलेला आहे. त्याच्यावर पुन्हां कमानींची दुसरी रांग असून ती वरचा तळ उचलून धरते.

पसरलेल्या भाराचें पाण्याइतकें निर्दोष उदाहरण दुसरें नाहीं. धान्याचा ढीग मधें उंच व कडेला उतरता होतो. माणसें एका कोपऱ्यांत गर्दी करतात. पाणी मात्र आपली पातळी आपण राखतें आणि सपाट तळाच्या प्रत्येक चौरस फुटावर सारखेंच बसतें. एक घनफूट पाणी सुमारें साडेबासष्ट रत्तल भरतें. या हिशेबानें त्या हौदांत केवळ एक फूट पाणी असलें, तरी खालच्या कमानींवर सुमारें १४० टनांचा भार येतो. दगडचुन्याचें वजन निराळेंच. गाळे लहान, भार सर्वत्र सारखा आणि प्रत्येक कमानीचा रेटा शेजारच्या कमानीनें अडविलेला, यामुळें तो सहज पेलला गेला आहे. बांधणाऱ्यांनीं हें समीकरण मांडून केलें नसावें. पूर्वीं उभ्या राहिलेल्या व पूर्वीं कोसळलेल्या इमारतींनीं त्यांना तें शिकविलें असणार.

पाणचक्कीच्या उभारणीचें साल १७४४ असें सांगितलें जातें. त्याच सालीं लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या पुरवणींत वांकलेल्या लवचीक पट्टीच्या आकारांचें गणित होतें. खाम नदीच्या कांठचे गवंडी आणि युरोपांतील गणिती एकाच प्रश्नाशीं दोन टोकांनीं झगडत होते, पण एकाचें काम दुसऱ्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. युरोपांतही हा प्रश्न शतकभर जुना होता. धर्मपीठानें शिक्षा देऊन नजरकैदेंत ठेविलेल्या वृद्ध गॅलिलिओनें आपलें शेवटचें पुस्तक १६३८ मध्यें हॉलंडांतील लायडन येथें छापविलें. तुळई किती भारानें तुटेल, हा त्यांतील एक मुख्य विषय होता. सारख्या जाडीच्या तुळया स्वतःच्या वजनानें तुटण्याचा जोर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें त्यानें बरोबर सांगितलें. तुळई आडवी ठेवण्यापेक्षां उभी ठेवली तर अधिक भार घेते, हेंही त्यानें दाखविलें. चार इंच जाड व बारा इंच रुंद फळी उभी बसविली, तर ती आडव्या फळीच्या तिप्पट भार सोसते.

एका ठिकाणीं मात्र गॅलिलिओ चुकला. तुळईचा संपूर्ण छेद सारखाच ताणला जातो असें त्यानें धरलें. वरच्या थरांतील दाब त्याच्या ध्यानांत आला नाहीं. त्यामुळें त्याच्या रीतीनें काढलेली तुळईची ताकद खऱ्या ताकदीच्या तिप्पट येते. या हिशेबावर विसंबून कोणी घर बांधलें असतें, तर तें डोक्यावर आलें असतें. ही चूक निस्तरण्यास जवळजवळ दोन शतकें लागलीं. फ्रान्सांत पारां यानें १७१३ मध्यें आणि कूलोंब यानें १७७३ मध्यें दाब व ताण यांची वांटणी बरोबर मांडली. आणि १८२६ मध्यें नाव्हिए यानें पॅरिसच्या पूल-रस्ते विद्यालयांतील आपलीं व्याख्यानें प्रसिद्ध केलीं, तेव्हां हें गणित बांधकाम करणाऱ्याच्या हातीं आलें. ओझें पडेल कधीं, हें विचारण्याऐवजीं रोजच्या भारांत तुळईवर किती ताण असावा, हें त्यानें विचारलें. आजचा अभियंता याच प्रश्नापासून आरंभ करतो.

पुण्यास १८५४ मध्यें अभियांत्रिकीचें शिक्षण सुरू झालें. या शहरांत १९०० च्या सुमारास आगगाडी आली, आणि लोखंडी तुळया, पुढें सिमेंट-काँक्रीट यांचा प्रवेश झाला. काँक्रीट हा एका अर्थीं दगडच. दाब सोसणारा आणि ताणाला भिणारा. त्याच्या ताणल्या जाणाऱ्या अंगांत पोलादी सळया घातल्या जातात. साध्या तुळईंत त्या खालीं असतात. सलग अनेक खांबांवरून जाणाऱ्या तुळईंत खांबाच्या माथ्यावर ताण वरच्या अंगाला येत असल्यामुळें तेथें त्या वर घालाव्या लागतात. शहरांत १९६० मध्यें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, आणि वेरूळच्या वाटेवरच्या या नगरींत तुळईचें गणित वर्गांत शिकविलें जाऊं लागलें.

तरीही खेड्यांतलें घर जुन्याच रीतीनें उभें राहत होतें. मराठवाड्याचें माळवद म्हणजे लांकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें व फळ्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत घर थंड राहतें, माडीवर धान्य वाळवितां येतें, खर्च थोडा. दोन तुळयांमधील जागेला खण म्हणतात, आणि घराची मोजदाद खणांनीं होते. प्रत्येक तुळई आपल्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या खणाचा भार घेते. चार फुटांचा खण व दहा फुटांची तुळई धरली, तर तिच्या वाट्याला चाळीस चौरस फूट माळवद येतें. माती घनफुटाला सुमारें शंभर रत्तल भरते. म्हणजे एक फूट थराला चार हजार रत्तल. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं वर नवी माती टाकण्याची चाल होती. जुनी सहसा काढली जात नसे. आजोबांनीं एक फुटाच्या हिशेबानें बसविलेल्या तुळईवर नातवाच्या काळांत दोन फूट थर झालेला असे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर अशी माती अकरा टनांच्या आसपास भरते. तुळईला झोळ येई, तिच्याखालीं एखादें टेकण लागे, आणि संसार चालू राही. कारण लांकूड कायमच्या भाराखालीं वर्षानुवर्षें हळूहळू वांकत जातें आणि घरच्यांना त्या वांकाची संवय होते.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, बहुतेक झोपेंत. भूकंपांत इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणांत असतो. जितकी माती माथ्यावर, तितका धक्का मोठा. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती तो सोसूं शकल्या नाहींत आणि त्या ढांसळतांच माळवदाचा ढिगारा खालीं आला. कित्येक ठिकाणीं लांकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला जोडलेला होता. भिंती पडल्या तरी तो उभा राहिला आणि त्याखालचीं माणसें वांचलीं. सुताराच्या विद्येनें शेवटच्या क्षणीं दिलेला हा आधार होता. परंतु वर टाकलेल्या प्रत्येक टोपलीचा हिशेब कोणींच ठेविला नव्हता, आणि तो ठेवण्यासाठीं लागणारें गणित छापून प्रसिद्ध होऊन त्या वेळीं पावणेदोनशें वर्षें होत आलीं होतीं.

एका ठिकाणीं ठेविलेलें ओझें माणसाच्या नजरेंत भरतें. पसरलेला भार भरत नाहीं. तो थोडाथोडा येतो आणि घराचाच भाग होऊन राहतो. शहरांतील गच्चीवर गळती थांबविण्यासाठीं दर कांहीं वर्षांनीं चढविलेला नवा थर, मागाहून घातलेली फरशी, बागेसाठीं आणलेली माती, हीं माळवदाचींच नवीं रूपें होत. घर बांधतांना गच्ची किती भारासाठीं योजिली, हें घरमालकानें नकाशाबरोबर लिहून ठेवावें. नवा थर चढविण्यापूर्वीं जुना काढावा. आणि तुळईला नवा झोळ किंवा तिच्या खालच्या अंगाला तडा दिसला, तर रंग लावून तो झांकण्याआधीं जाणकाराला दाखवावा.